'हायड्रॉलिक्स गेलं' म्हणजे नक्की काय गेलं?

फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना एक वाक्य पाठ असतं. गाडी मंदावते, ट्रॅकच्या कडेला लागते, ड्रायव्हर स्टिअरिंग काढून बाहेर येतो आणि समालोचक म्हणतो, "हायड्रॉलिक्सचा प्रॉब्लेम दिसतोय." संध्याकाळी संघाच्या निवेदनात तेच वाक्य इस्त्री करून येतं, दुसऱ्या दिवशी बातमीत तेच छापून येतं आणि विषय मिटतो. हायड्रॉलिक्समधलं नक्की काय, असं कुणी विचारत नाही. आपल्या पणजोबांच्या काळात माणसं 'तापाने' जायची. टायफॉइड, मलेरिया, प्लेग, न्यूमोनिया, सगळं त्या एका शब्दात मावायचं. ताप हे लक्षण आहे, रोग नव्हे, हे आता शाळेतल्या मुलालाही कळतं. मोटर रेसिंग मात्र अजून 'तापाने गेला' या पायरीवर आहे. निदान ते आपल्याशी बोलतं तेव्हा तरी.

माझं भांडण या शब्दाशी आहे. भांडण जास्त करून एका सुट्या भागापुरतं आहे: मागचा हलता पंख, म्हणजे डीआरएस. २०११ ते २०२५ असे पंधरा हंगाम तो प्रत्येक गाडीवर होता आणि बिघडला की ताशी तीनशेच्या वेगाने धावणारी गाडी हवेत उलटवू शकतो हे त्याने दाखवून दिलं. अशा भागाच्या बिघाडाचं निदान 'हायड्रॉलिक' या एका विशेषणावर उरकणं हा माझ्या मते गुन्हा आहे. आणि आपण चाहते ते ऐकून माना डोलावतो.

२०१२ची कॅनडातली शर्यत घ्या. मायकेल शूमाखरच्या मर्सिडीजचा मागचा फ्लॅप उघडा तो उघडाच राहिला. पिटमध्ये मेकॅनिकांनी तो ढकलला, ठोकला, दाबला, पण तो बसेना. गाडी निवृत्त झाली. त्या हंगामातल्या पहिल्या सात शर्यतींतली त्याची ही पाचवी माघार होती आणि खात्यात गुण होते दोन. संघाने कारण दिलं हायड्रॉलिक बिघाडाचं. खोटं नव्हतं ते. पण "पेशंट दगावला, कारण हृदय बंद पडलं" हेही खोटं नसतं.

थोडी यंत्राची ओळख करून घेऊ, नाहीतर पुढचा राग अधांतरी वाटेल. मागच्या पंखाला दोन आडवे भाग असायचे, खालचा मुख्य आणि वरचा फ्लॅप. दोघांमध्ये एरवी १० ते १५ मिलिमीटरची फट असायची. ड्रायव्हरने बटण दाबलं की फ्लॅपची पुढची कड वर उचलली जायची आणि फट मोठी व्हायची, २०१९पासूनच्या नियमांत जास्तीत जास्त ८५ मिलिमीटर. हवेचा अडथळा घटतो आणि सरळ रस्त्यावर ताशी दहा-बारा किलोमीटर जास्त मिळतात. त्या बदल्यात मागच्या चाकांना जमिनीवर दाबून ठेवणारा जोर जातो. सरळ जाताना त्याची गरज नसते. ब्रेक लावताना आणि वळताना मात्र तोच जोर गाडीला धरून ठेवतो, म्हणून ब्रेकला पाय लागला की फ्लॅप बंद झालाच पाहिजे. नियमात आणखी एक अट होती, यंत्रणा निकामी झाली तर फ्लॅप आपोआप बंद स्थितीत आला पाहिजे. बिजागरी मागच्या कडेला असल्यामुळे समोरून येणारी हवाच त्याला खाली दाबते. कागदावर हे सुंदर आहे.

फ्लॅप उचलण्याचं काम पंखाच्या मध्यावर बसवलेला छोटा अ‍ॅक्च्युएटर करतो, म्हणजे जेसीबीचा हात उचलणाऱ्या सिलिंडरचा चुलत-चुलत नातू. त्याला ऑइल येतं ते इंजिनावर चालणाऱ्या पंपाकडून, साधारण २०० बार दाबाने. तुमच्या कारच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे नव्वद पट. त्याच पंपावर गिअर बदलणं, क्लच, डिफरन्शियल आणि पॉवर स्टिअरिंगही चालतं. पंप एक आणि घरात खाणारी तोंडं पाच-सहा, असा संसार. पंखाकडे जाणारी नळी हा त्यातला सर्वात लांबचा, सर्वात हलणारा आणि सर्वात कमी महत्त्वाचा नातेवाईक. ऑइल गळायला लागलं तर "डीआरएस वापरू नकोस" असं रेडिओवर सांगायचे ते म्हणूनच. गिअरबॉक्स वाचवायला बोट कापायचं.

आता समजा, फ्लॅप उघडला नाही. कुठून सुरुवात कराल? मुळात परवानगी मिळाली होती का? शर्यतीत पुढच्या गाडीपासून एक सेकंदाच्या आत असाल तरच बटण चालायचं आणि ते अंतर ट्रॅकमध्ये पुरलेल्या टायमिंग लूपवरून ठरायचं. परवानगी होती, तर बटणाचा सिग्नल कंट्रोल युनिटपर्यंत पोचला का? पोचला, तर व्हॉल्व्हला करंट गेला का? गेला, तर व्हॉल्व्हमधला स्पूल हलला का, की केसाच्या जाडीच्या कितीतरी पट लहान असलेला धातूचा कण त्याच्या फटीत अडकला? स्पूल हलला, तर ऑइल अ‍ॅक्च्युएटरपर्यंत पोचलं का, की नळीत हवेचा बुडबुडा आहे आणि दाब तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतोय? पोचलं, तर पिस्टनचं सील धड आहे का, की ऑइल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झिरपतंय आणि जोर तयारच होत नाही? सील ठीक असेल तर बिजागरीत काही अडकलंय का? आणि हे सगळं ठीक असेल तर सर्वात छळवादी प्रश्न उरतो: तीनशेच्या वेगाने येणाऱ्या हवेखाली कार्बन फायबरचा फ्लॅपच किंचित वाकून कडेला घासतोय का? हे गॅरेजमध्ये कधीच दिसणार नाही, कारण गॅरेजमध्ये वारा नसतो.

या यादीतल्या जवळपास प्रत्येक उत्तराला उद्या बातमीत 'हायड्रॉलिक्स' म्हणता येईल. पहिले तीन प्रश्न तर इलेक्ट्रॉनिक्सचे आहेत आणि शेवटचे दोन निव्वळ यांत्रिकीचे.

माझा मामा भोसरीत प्रेस शॉपमध्ये हायड्रॉलिक फिटर होता. त्याचं शिक्षण आयटीआयपर्यंत आणि हात सोन्याचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात मी फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पास झालो तेव्हा त्याने विचारलं होतं, "गेज दोनशे दाखवतंय आणि सिलिंडर हलत नाही. सांग, मशीन चांगलं का वाईट?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "अरे, प्रेशर पंप नाही बनवत. पंप फक्त ऑइल ढकलतो. पुढे कुणी अडवलं की प्रेशर बनतं." हे वाक्य पुस्तकातही आहे, पण असं नाही. सिलिंडरच्या तोंडाशी दाब भरपूर आणि हालचाल शून्य, तर पुढे काहीतरी अडकलंय, ऑइलच्या नावाने बोंब मारू नका. दाबच नाही, तर मागे जा: व्हॉल्व्ह, नळी, पंप. दाब हळूहळू चढतोय, तर हवा किंवा गळती. आणि पंखाबरोबर गिअरही जड पडत असतील तर फांदी सोडा, खोड बघा. चार वाक्यांत निम्मं झाड छाटून होतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला बायसेक्ट म्हणतो आणि नवीन मुलांना त्यावर स्लाइड्स दाखवतो. मामाकडे एक गेज होतं आणि ते कुठे लावायचं याची अक्कल होती.

निदानाची पहिली पायरी टाळली की काय होतं त्याचं उदाहरण २०१३च्या बहरीनमध्ये आहे. फर्नांडो अलोन्सोच्या फेरारीचा फ्लॅप सुरुवातीच्या फेऱ्यांतच उघडा अडकला. तो पिटमध्ये आला. मेकॅनिकने हाताने फ्लॅप खाली ढकलला, तो बसला, गाडी सोडली. अलोन्सोने पुढच्याच संधीला बटण दाबलं, फ्लॅप पुन्हा अडकला आणि लागोपाठच्या फेरीत तो परत पिटमध्ये. उरलेली सगळी शर्यत डीआरएसविना चालवून तो आठवा आला. पिट स्टॉपच्या चार सेकंदांत कुणी व्हॉल्व्ह उघडून बघणार नाही, मान्य. पण फ्लॅप हाताने बसला म्हणजे फ्लॅप बरा झाला, हे अनुमान चार सेकंदांच्या घाईतून येत नाही. ते एका सवयीतून येतं. माझ्या व्यवसायात ती सवय रोज भेटते. सर्व्हर अडकला, रीस्टार्ट केला, चालू झाला, तिकीट बंद. कारणाच्या रकान्यात 'नेटवर्क इश्यू'. मी ज्या कंपनीत आधी होतो तिथे तिमाहीअखेर बंद तिकिटांचा आलेख दाखवून टाळ्या व्हायच्या आणि त्यातली किती तिकिटं तीच तीच परत उघडलेली आहेत, हे विचारणाऱ्याला 'निगेटिव्ह' म्हणायचे. 'हायड्रॉलिक्स' हा रेसिंगमधला 'नेटवर्क इश्यू' आहे.

इथे आमच्याच जमातीतले लोक हात वर करतील. अरे, पण टेलिमेट्री! एका गाडीवर तीनशेच्या आसपास सेन्सर असतात, प्रत्येक दाब, तापमान, कोन नोंदवला जातो, तुझ्या मामाचं गेज कुठे घेऊन बसलास? क्लाउड कंपन्यांच्या जाहिरातींनी हे चित्र आपल्या डोक्यात इतकं ठोकलंय की आयटीतल्या माणसाला एफ-वन म्हणजे चाकं लावलेला डॅशबोर्डच वाटतो. तर २०२२चं बार्सिलोना बघा. पात्रता फेरीच्या शेवटच्या प्रयत्नात मॅक्स व्हर्स्टापेन रेडिओवर ओरडला की पॉवर नाही. इंजिन गेलं असंच सगळ्यांना वाटलं. नंतर संघाने सांगितलं की डीआरएस उघडलाच नव्हता. जगातल्या सर्वोत्तम ड्रायव्हरच्या पाठीला अडथळा जाणवला आणि त्याने इंजिनाकडे बोट दाखवलं, यात त्याची चूक नाही. लक्षण तसंच जाणवतं. पण पुढचं बघा. रात्र मधे गेली, सगळा डेटा हाताशी होता, आणि रविवारी शर्यतीत जॉर्ज रसेलच्या मागे लागला असताना तोच डीआरएस कधी उघडे, कधी उघडेना. व्हर्स्टापेनने संघाला शेलक्या शब्दांत विचारलं की साधा डीआरएसही चालवता येत नाही का. शर्यत त्याने जिंकली, ती डावपेचांच्या जोरावर. कधी चालतो, कधी नाही, हा बिघाडांतला सर्वात कठीण प्रकार आणि त्यापुढे तीनशे सेन्सरसुद्धा तीनशे साक्षीदार असतात. साक्षीदार म्हणजे न्यायाधीश नव्हे. सेन्सर लावलेला असतो तिथलंच सांगतो, आणि सेन्सर कुठे लावायचा हे आधीच्या बिघाडाचं निदान कुणी किती खोलात केलं त्यावर ठरतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी बाकूमध्ये युकी त्सुनोदाच्या अल्फाटाउरीचा फ्लॅप मधोमध चिरला. बटण दाबलं की एक अर्धा उघडायचा, दुसरा नाही. तो सहावा चालला होता. दुरुस्तीला या असा काळा-नारिंगी झेंडा मिळाला, पिटमध्ये मेकॅनिकांनी पंखाला चक्क टेप चिकटवला, आणि तो तेरावा आला. हजारो कोटींच्या खेळात चिकटपट्टी, म्हणून लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. निदान बरोबर होतं (फ्लॅप तुटलाय, ऑइलचा संबंध नाही), उपाय निदानाला धरून होता (उघडूच द्यायचा नाही), आणि बिघाड सगळ्या जगाने डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे 'हायड्रॉलिक्स' म्हणायची सोय नव्हती.

आता अशी दोन प्रकरणं जी बाहेरून जुळ्या भावंडांसारखी दिसतात. ३१ ऑगस्ट २०१८, मॉन्झा, शुक्रवारचा दुसरा सराव. मार्कस एरिक्सनची साउबर मुख्य सरळ रस्त्याच्या शेवटी पोचली, त्याने ब्रेक दाबला, फ्लॅप उघडाच राहिला. मागची चाकं हलकी, गाडी झटक्यात डावीकडे वळून भिंतीवर आदळली आणि हवेत कोलांट्या घेत गेली. तो चालत बाहेर आला. दुसरं, एप्रिल २०२५, सुझुका, पुन्हा शुक्रवारचा दुसरा सराव. जॅक डूहनची अल्पीन पहिल्या वळणात शिरली, फ्लॅप उघडाच, आणि गाडी भिंतीवर. तोही वाचला. टीव्हीवर दोन्ही अपघात सारखेच: उघडा पंख, हरवलेला मागचा भाग, चुराडा. पण पहिल्यात ब्रेक दाबूनही यंत्रणेने ऐकलं नाही. दुसऱ्यात यंत्रणेला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वळणाआधी ड्रायव्हरने फ्लॅप बंदच केला नव्हता आणि संघाने तो अंदाजाचा घोटाळा म्हणून कबूल केला. एकाचा उपाय व्हॉल्व्ह, नळ्या, बिजागरीत, दुसऱ्याचा सिम्युलेटरमधल्या सवयीत किंवा बटणाच्या तर्कात. फक्त 'डीआरएस फेल' म्हणून दोघांना एका फाइलमध्ये घातलं तर पुढच्या वर्षी तुम्ही चुकीच्या गाडीचा चुकीचा भाग बदलाल.

त्याच महिन्यात बहरीनमध्ये तिसरा प्रकार घडला, तो मला व्यावसायिक कारणांनी फार आवडतो. रसेलच्या मर्सिडीजमध्ये इलेक्ट्रॉनिक्स घसरलं, ब्रेक-बाय-वायर बंद पडलं, ट्रान्सपाँडर गेला. डीआरएसची स्वयंचलित परवानगी चालेना, म्हणून त्याला एक पर्यायी बटण वापरायची मुभा मिळाली. रेडिओवर बोलायला त्याने बटण दाबलं आणि मागचा पंख उघडला! स्टुअर्ड्सनी तपासलं, त्याला फायदा झाला नव्हता, शिक्षा नाही, दुसरा क्रमांक कायम. पंखात काहीही बिघडलं नव्हतं, हायड्रॉलिक्समध्येही नाही. एका तारेच्या दुखण्याने भलत्याच अवयवाला उचकी लागली.

आता मूळ तक्रारीकडे येतो. डीआरएसच्या बिघाडाचं एक सार्वजनिक, लेखी, पाहण्यासारखं निदान अस्तित्वात आहे. नोव्हेंबर २०२१, साओ पाउलो. लुईस हॅमिल्टन पात्रता फेरीत सर्वात वेगवान ठरला. मग एफआयएच्या तपासनिसांनी उघड्या फ्लॅपच्या फटीत ८५ मिलिमीटरचं गेज घातलं, आणि एका टोकाला ते आरपार गेलं. संघप्रमुखांच्या म्हणण्याप्रमाणे ०.२ मिलिमीटरने जास्त. पंख सीलबंद झाला, सुनावणी झाली, व्हिडिओ तपासले गेले. व्हर्स्टापेनने पार्क फर्मेमध्ये त्या पंखाला बोट लावलं होतं म्हणून त्याची वेगळी सुनावणी आणि ५०,००० युरो दंड. स्टुअर्ड्सच्या निर्णयात कारणांची शक्यता लिहिली आहे: अ‍ॅक्च्युएटरमध्ये किंवा टोकाच्या बिजागऱ्यांमध्ये प्ले, यंत्रणेतला दुसरा दोष, किंवा जोडणीतली चूक. हेतू वाईट नव्हता, हेही लिहिलं आहे. तरीही हॅमिल्टन बाद आणि स्प्रिंटमध्ये सर्वात शेवटी. (तिथून तो पाचवा आला आणि रविवारी दहाव्या स्थानावरून शर्यत जिंकला, ते वेगळंच.) बाद करणं बरोबर होतं असं माझं मत आहे. नियम मिलिमीटरचा असेल तर तो कारणासाठी थांबू शकत नाही.

पण या कागदाशेजारी मॉन्झा ठेवून बघा. ०.२ मिलिमीटरसाठी, ज्याने कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता, जाहीर सुनावणी, कारणमीमांसा, सही-शिक्क्याचा दस्तऐवज. आणि ज्या बिघाडाने एक माणूस हवेत गरागरा फिरला, त्यासाठी डीआरएस बंद झाला नाही एवढं संघाचं म्हणणं. निकामी झाली तरी बंद होणार, असं वचन देणारी यंत्रणा निकामी होऊन उघडी राहिली. ते वचन नक्की कुठे मोडलं, व्हॉल्व्हमध्ये, सीलमध्ये की बिजागरीत, हे सांगणारा सगळ्यांसाठी खुला अहवाल नाही. एफआयएला असे अहवाल देता येत नाहीत असं म्हणू नका. २०१४मधल्या ज्यूल्स बियांकीच्या अपघाताचे निष्कर्ष तिने जाहीर केले, २०२०मधल्या रोमां ग्रोजांच्या आगीचेही केले. म्हणजे रक्त किंवा आग दिसली तर अहवाल, स्पर्धेत वाटा निघाला तर अहवाल, आणि ड्रायव्हर चालत बाहेर आला तर 'हायड्रॉलिक्स'.

"एवढं काय त्यात, वाचला ना?" या प्रश्नाला विमानवाहतुकीने फार महाग उत्तर दिलेलं आहे आणि योगायोगाने तेही हायड्रॉलिक व्हॉल्व्हचंच आहे. १९९१मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला उतरता उतरता एक बोइंग ७३७ वळून कोसळलं, २५ मृत्यू. तपास झाला, खात्रीचं कारण हाती लागलं नाही. १९९४मध्ये पिट्सबर्गजवळ दुसरं ७३७, १३२ मृत्यू. संशय शेपटीच्या रडरवर, ते हलवणाऱ्या हायड्रॉलिक युनिटमधल्या सर्व्हो व्हॉल्व्हवर. तो व्हॉल्व्ह टेबलावर घेतला की निर्दोष चालायचा. १९९६च्या जूनमध्ये ईस्टविंडच्या एका ७३७ला तोच झटका बसला, पण ते सुखरूप उतरलं. वैमानिक सांगायला जिवंत होते आणि विमान तपासायला शाबूत होतं. त्या वर्षी तपासनिसांनी व्हॉल्व्ह गोठवला आणि त्यात तापलेलं ऑइल सोडलं. तेव्हा कुठे तो अडकला, आणि नुसता अडकला नाही, तर रडरला उलट दिशेला नेण्याची शक्यता त्यात दिसली. वैमानिक एका बाजूला पाय दाबतोय आणि शेपूट दुसरीकडे. मार्च १९९९मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल आला, साडेचार वर्षांनी. रडरची यंत्रणा नव्याने घडवावी लागली. ईस्टविंडमध्ये कुणी मेलं नव्हतं. "वाचले ना?" म्हणून ती फाइल मिटवली असती तर?

त्या अहवालात 'हायड्रॉलिक बिघाड' एवढ्यावर कुणी थांबलं नाही. कुठली स्लाइड, कुठल्या तापमानाला, किती हलली, हे त्यात आहे, आणि तो कुणीही वाचू शकतो. बोइंगचे प्रतिस्पर्धीसुद्धा.

आणि इथेच रेसिंगवाले गुपिताचं तुणतुणं काढतात. व्हॉल्व्हची रचना ही आमची स्पर्धात्मक संपत्ती आहे, ती कशी उघड करायची? मला हे पटत नाही. रचना नकाच सांगू. बिघाड सांगा. 'पिस्टन सीलमधून अंतर्गत गळती, ब्रेकिंगच्या आधी दाब असूनही परतीची हालचाल नाही, टेबलवरच्या चाचणीत न दिसलेली, उष्णतेत दिसलेली' एवढ्या वाक्याने कुणाचा पंख कुणाला चोरता येणार नाही. पण शेजारच्या गॅरेजमधला इंजिनिअर आज संध्याकाळी आपलं सील गरम करून बघेल. शिवाय ज्या खेळात दर शुक्रवारी अकरा संघांचे छायाचित्रकार एकमेकांच्या पंखांचे फोटो काढत पिट लेनमध्ये हिंडतात, त्याने गुपिताबद्दल बोलावं हेही जरा जास्तच. लपतो तो फक्त बिघाड, कारण बिघाडाने प्रायोजक नाराज होतात.

चाहत्यांनाही मी सोडणार नाही. आपण टायरचं तापमान, पिट स्टॉपचे दशांश, कोण कुणाला काय म्हणालं, यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर भांडतो. गाडी बंद पडली की मात्र "बिचाऱ्याचं नशीब". शूमाखरच्या पाच माघारींना लोक नशीबच म्हणायचे. त्यात गिअरबॉक्स होता, नीट न बसलेलं चाक होतं, टक्कर होती, इंधनाचा दाब होता आणि हा पंख होता. पाच वेगळे रोग, एक नशीब.

हे आत्ता लिहायचं कारण असं की २०२६च्या नियमांनी डीआरएस हे नाव काढून टाकलं, हलते पंख नाही. उलट आता पुढचा आणि मागचा, दोन्ही पंख हलतात. पुढच्या गाडीपासून एका सेकंदात असण्याची अट त्यांना नाही, ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवर प्रत्येक गाडीने, प्रत्येक फेरीत ते उघडायचे आणि वळणाआधी बंद करायचे. पूर्वी जो फ्लॅप शर्यतीत काही फेऱ्यांत उघडायचा, तो आता शर्यतभर उघडझाप करणार, जोडीला पुढचा भाऊ घेऊन. दोघांपैकी एक बंद झाला आणि दुसरा नाही, तर गाडीचा तोल कुठल्या टोकाला जाईल हे कुठला अडकला त्यावर अवलंबून. पुढचा उघडा राहिला तर गाडी वळणार नाही, मागचा राहिला तर मॉन्झा.

म्हणून मागणी साधी आहे. हलता पंख आज्ञेबाहेर उघडा राहिला किंवा बंद झाला, की अपघात होवो न होवो, एफआयएने ठरावीक मुदतीत एक पानाचा कागद काढावा. त्यात आज्ञा काय होती, ती कुठपर्यंत पोचली, दाब कुठे होता आणि कुठे नव्हता, कुठला भाग अडकला, तो आधीच्या तपासणीतून का सुटला, आणि आपोआप बंद होण्याच्या अटीचं काय झालं, एवढं असावं. संघाचं नाव वाटल्यास खोडा. ०.२ मिलिमीटरसाठी टाइप करायला माणसं मिळतात, तर यासाठीही मिळतील.